पापलेट उभं पोहतं की आडवं

आमच्या घरातलं एक भांडण माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे. पापलेट पाण्यात उभं पोहतं की आडवं? हसू नका. या प्रश्नावरून आमच्याकडे जेवणं अर्धवट राहिली आहेत.

बाबा मालवणकडचे, आई साताऱ्याची. लग्न होऊन घाटकोपरच्या खोलीत आली तेव्हा तिनं माशाला हातसुद्धा लावलेला नव्हता. सासूनं शिकवलं, टोमणे मारत मारत. चाळीसेक वर्षं झाली त्याला. आता तिच्यासारखं पापलेट साफ करणारं आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणी नाही, पण बाबांच्या लेखी ती अजून घाटावरचीच. "तुका काय कळता गो माशातला?" हे वाक्य मी लहानपणापासून इतकं ऐकलंय की माझ्या तोंडूनही एक-दोनदा तसंच निघालंय.

बाबांचं म्हणणं, पापलेट आडवं पोहतं. लेपासारखं. लेप म्हणजे तो चपटा मासा, तळाच्या चिखलाला चिकटून असतो तो. आईचं म्हणणं, अजिबात नाही. "लेपाचे दोन्ही डोळे एकाच अंगाला असतात. एक अंग काळपट, एक पांढरं. पापलेटला दोन्हीकडे एकेक डोळा, दोन्ही अंगं सारखीच चकचकीत. आडवं पोहत असेल तर खालचा डोळा काय चिखल बघायला दिलाय?"

यावर बाबांकडे हुकमी पत्ता होता. मामाची होडी. लहानपणी मामाच्या होडीतून जाताना त्यांनी पापलेटांचा थवाच्या थवा पाहिला होता, आडवा. "मी माझ्या डोळ्यांनी बघलंय!" झालं. आता डोळ्यांनी पाहिलेल्या माणसापुढे साताऱ्याची बाई काय बोलणार?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलुंडच्या एका मैदानावर माशांचं प्रदर्शन लागलं होतं. काचेचा बोगदा, डोक्यावरून मासे, बाहेर आकाशपाळणा आणि पापडांचे स्टॉल. माझी लेक चौथीत, तिनं पोस्टर पाहिलं आणि माझं डोकं खाल्लं. मला गर्दीचा भयंकर कंटाळा. पण आई म्हणाली, "मीपण येते." मी बघतच राहिले. या बाईला नाटकाला न्यायचं तरी गुडघा दुखतो, पाहुणे येणार असतात, दळण आणायचं असतं. आणि आज ती दिवाळीची नवी साडी नेसून सगळ्यांच्या आधी दारात उभी! आई निघाली म्हटल्यावर बाबांना घरी करमणार थोडंच?

रिक्षात तिनं मला हळूच विचारलं, "तिथं पापलेट असेल ना गं?"

"असेल की," मी म्हटलं. काहीतरी आपलं बोलून टाकलं.

आत निळा उजेड, मुलांचा गोंगाट, आणि जो तो मोबाइल वर धरून फोटो काढतोय. बाबा लगेच सुरू झाले. प्रत्येक काचेपुढे उभं राहून पाटी न वाचताच माहिती. आजूबाजूची दोन-तीन कुटुंबं त्यांच्यामागून चालायलाही लागली. आई मात्र प्रत्येक टाकीपुढे थांबायची, आतला एकेक मासा बघून घ्यायची आणि पुढे सरकायची. गर्दीत कुणाची तरी वाट बघावी तशी.

"आजी, हे डोळे का मिटत नाहीत?" लेकीनं विचारलं.

"पापणीच नसते त्यांना. इतकी डोकी कापली, कधी हाताला लागली नाही."

मला ही गोष्ट माहीत नव्हती. मासे तर मी रोज खाते.

बोगद्यात एक वागळी अंगावरून तरंगत गेली, मोठ्या सुपाएवढी, चपटी, लांब शेपटीची. बाबा ओरडलेच, "बघ गो! आडवा पोहता की नाय?"

"वागळी आहे ती," आई शांतपणे म्हणाली. "तिचं तोंड पोटाखाली असतं. पापलेटचं समोर असतं." मागून येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "बरोबर आहे हो यांचं." बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शेवटच्या रांगेत एक टाकी होती. तळहाताएवढे गोल, चपटे, रुपेरी मासे. सगळे उभे. आईनं बाबांचा दंडच धरला. "अहो! बघा, बघा!"

बाबांनी या वेळी मात्र पाटी वाचली. "ह्या पापलेट नाय. ह्या गोड्या पाण्यातला. सिल्व्हर डॉलर."

खरंच तसं लिहिलं होतं. टाकीजवळ प्रदर्शनाचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी उभी होती, तिला आईनं विचारलं, "बाळा, पापलेट कुठं ठेवलंय?"

"पापलेट नाही काकी. टाकीत टिकत नाही ते, लगेच मरतं."

"तू पाहिलंयस का कधी? जिवंत?"

"नाही हो."

आईचा चेहरा असा उतरला की मला आधी हसू आलं आणि मग आलेल्या हसूचाच राग आला. "जाऊ दे गं," मी म्हटलं, "एवढं काय त्यात?"

"एवढं काय?" ती माझ्यावर उखडली. "चाळीस वर्षं मी त्याचं पोट फाडतेय. जिवंतपणी ते कसं असतं हे मला बघायचंय. मला वाटतं ते बरोबर आहे की मी खुळी आहे, एवढं तरी कळू दे एकदा."

लेक मध्येच बोलली. "पण आजोबांनी पाहिलंय ना? आजोबा, होडीतून वरून बघताना काय दिसलं? उभं असेल तर नुसती पाठीची रेघ दिसेल. आडवं असेल तर अख्खं गोल दिसेल. काय दिसलं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला.

"कुठल्या रंगाचं होतं?"

"मी होडीत कधी बसलंयच नाय," बाबा म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा काचेकडे बघून बोलत होते. आमचं गाव समुद्रापासून लांब, शेतीचं, मामाही शेतकरीच. मासे यायचे ते कोळणीच्या टोपलीतून. सोळाव्या वर्षी मुंबईला आले, गिरणीच्या खोलीत वीस जण, सगळे बंदरावरचे. माशातलं याला काय कळतंय म्हणून हसायचे. मग बाबांनी मनातच एक होडी तयार केली, आणि ती पुढे घरीही आणली.

मला वाटलं आता दिवाळीचे उरलेले फटाके इथंच फुटणार. पण आई म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाय."

"मग आता घरात कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. जिंकल्याचा आनंद वगैरे तिच्या चेहऱ्यावर शोधून सापडला नसता. ती खरंच हिरमुसली होती.

"एवढंच ना?" लेक म्हणाली. तिनं माझ्या पर्समधून फोन काढला, काहीतरी टाइप केलं आणि आजीपुढे धरला. कुठल्याशा परदेशातला समुद्र होता, पाण्याखालून काढलेला व्हिडिओ. पापलेटंच पापलेटं. सगळी उभी, इवलेसे पंख हलवत समोर बघत चाललेली.

"उभाच आसा गो," बाबा वाकून म्हणाले. "तुझाच खरा."

आईनं मान हलवली. पूर्ण व्हिडिओ पाहिला. परत लावायला सांगितला, परत पाहिला. पाहताना ती अगदी खूश होती. मग फोन माझ्या हातात देत तिनं विचारलं, रागानं नाही, खरंच माहीत नाही म्हणून विचारावं तसं:

"अर्ध्या मिनिटात सापडलं गं. तुझ्याकडे हा असला फोन किती वर्षं आहे?"

मला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. सगळं आठवत होतं. तिचा प्रश्न मी हजारदा ऐकला होता, पण तो प्रश्न आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

"बारा-तेरा वर्षं," मी म्हटलं.