बोटं गेल्यावरचा बेंजो

मोशीत समाधानला आडनावानं कुणी ओळखत नसे. तो बेंजोवाला समाधान. जयंती असो की कुणाच्या मुलीची हळद, सयाजीच्या गायन पार्टीत त्याचा इलेक्ट्रिक बेंजो हवाच. उजव्या हातातली नखी तारांवर नाचायची आणि डाव्या हाताची बोटं बटणांवर अशी पळायची, की गाणारा सयाजीही क्षणभर थांबून ऐकायचा.

पोटासाठी तो चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. एका दुपारी मशीन अवेळी खाली आलं आणि डाव्या हाताची तीन बोटं गेली. कंपनीनं त्याला गेटवर बसवलं. बेंजो चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. घरात तो विषय कुणी काढेना.

मुलगी भाग्यश्री हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करायची. बाहेर गाणं वाजलं की बाप खिडकी लावून घेतो, हे तिला बघवेना. कितीतरी सुट्ट्या तिनं लॅपटॉपशी झटण्यात घालवल्या. पार्टीची जुनी रेकॉर्डिंग त्यात भरली, मग बेंजो खाली काढून त्याची वायर जोडली.

"पप्पा, तुम्ही नुसता सूर धरा. मधल्या हरकती हा भरेल, तुमच्याच ढंगात."

समाधाननं बटण दाबून नखी मारली. स्पीकरमधून त्याचा जुना हात वाजला. त्याचे डोळे भरून आले. भाग्यश्रीला वाटलं, जमलं.

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात तो पुन्हा स्टेजवर बसला. सयाजीनं कडवं संपवलं, समाधाननं सूर धरला आणि लॅपटॉपनं हरकतींची अशी लड लावली की माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. तेवढ्यात तुटलेल्या बोटांच्या जागी कळ आली. त्यानं हात काढून घेतला. लड मात्र पुरी होईपर्यंत वाजत राहिली.

घरी आल्यावर भाग्यश्रीनं विचारलं, "आवडलं नाही का?"

"चांगलं केलंस गं. पण टाळ्या पडत होत्या तेव्हा माझा हात मांडीवर होता."



दुसऱ्याच आठवड्यात त्यानं सयाजीला सांगितलं, "भाऊ, दुसरा वाजवणारा बघ. माझ्यासाठी अडून राहू नको." सयाजीनं खूप समजावलं, शेवटी नवा माणूस घेतला.

मग समाधान लेकीला म्हणाला, "त्या हरकती काढून टाक. एका बटणावरून दुसऱ्यावर बोट पोचेस्तोवर सूर विझू नये, एवढंच कर."

तिनं तसं करून दिलं. आता रविवारी सकाळी तो दार लोटून वाजवतो. पूर्वी एका दमात उडायची ती गाण्यातली जागा तो एकेक सूर शोधत चालतो. कधी बोट चुकतं. लॅपटॉप तो चुकलेला सूरही तितक्याच इमानानं धरून ठेवतो. समाधान नखी खाली ठेवतो आणि तसाच ऐकत बसून राहतो. तो सूर पुरता विरेपर्यंत भाग्यश्री स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही.