समोरची पाटी

पेंटरला सुईची भीती वाटायची, एवढंच खरं. बाकी सगळं मागाहून रचलेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाल्या, "साखर वाढलीय तुमची. डोळ्यांच्या पडद्यांना सूज आलीय. गोळ्या रोज घ्यायच्या आणि महिन्याला एक इंजेक्शन, डोळ्यात."

"डोळ्यात म्हणजे, डोळ्याच्या बाजूला?"

"नाही. डोळ्यात."

झालं. चाळीस वर्षं शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस दवाखान्याचा जिना बायकोचा दंड धरून उतरला. खाली पोचेपर्यंत त्याचं मत तयार झालं होतं, की औषधं म्हणजे निव्वळ विष.

पुढच्याच आठवड्यात त्याला सर भेटले. ते वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सकाळी निसर्गोपचाराचा वर्ग घ्यायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बोलणं मऊ, फी नाही, आणि समोरच्याचा हात हातात घेऊन ऐकायची सवय. चाळीस वर्षांत पेंटरचा हात असा कुणी धरला नव्हता, बायकोनेसुद्धा नाही. रंगाने माखलेला असायचा ना सारखा.

सरांनी कडू पाल्याचा रस सांगितला, मैलभर चालणं सांगितलं, तळण आणि गोड सोडायला लावलं. फायदाही झाला, उगाच खोटं कशाला बोला. पोट उतरलं, दम लागेनासा झाला. त्या खुशीत पेंटरने गोळ्या सोडल्या आणि चष्मा कपाटात टाकला. डोळ्यांसाठी वेगळा व्यायाम होता. तळहात चोळून वीस मिनिटं डोळ्यांवर धरायचे, मग कोवळ्या उन्हाकडे बघायचं, आणि शेवटी लांबची अक्षरं मोठ्याने वाचायची.

लांबची अक्षरं म्हणजे समोरची घड्याळवाल्याची पाटी. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. वीस वर्षांपूर्वी पेंटरनेच रंगवलेली.

"घड्याळे दुरुस्त करून मिळतील. भिंतीवरची, मनगटावरची व गजराची. दुपारी एक ते चार बंद. बंद म्हणजे बंद." शेवटची ओळ घड्याळवाल्याने हट्टाने घालून घेतली होती.

रोज सकाळी खिडकीत उभं राहून पेंटर हे सगळं घडाघडा म्हणायचा आणि मागे वळून विचारायचा, "ऐकलंस का, सरकारी दवाखाना?"

सरकारी दवाखाना म्हणजे त्याची बायको. ती त्याच खिडकीशी मशीन लावून उशांचे अभ्रे शिवायची. स्वतः रंगवलेली पाटी तर माणूस डोळे मिटूनही वाचेल, हे तिच्या मनात पहिल्याच दिवशी आलं होतं. ती बोललीही. "अहो, दुसरं काहीतरी वाचा ना. पेपर वाचा."

"पेपर जवळचा. सरांनी लांबचं सांगितलंय."

शेवटी ती एकदा डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन हॉलवर गेली. वीसेक माणसं चटयांवर बसलेली. ती सरांना म्हणाली, "तुमचं सगळं चालू राहू द्या. फक्त गोळ्याही घ्या म्हणावं त्यांना. तुमचं ऐकतील."

सर हसून म्हणाले, "वहिनी, भीती हाच खरा रोग."

पेंटर मागच्या रांगेतून ओरडला, "हिला माझं बरं झालेलं बघवत नाही हो! आंधळा झालो तर हिच्या मुठीत राहीन, म्हणून देव पाण्यात घालून बसलीय!"

वीस माणसं खदाखदा हसली. एका बाईने तर तिच्या पाठीवर हात फिरवला. ते हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. घरी येऊन तिने कागदाची घडी केली आणि मशीनच्या खणात टाकली.

महिनाभराने घड्याळवाला थकला आणि त्याच्या भाच्याने दुकान हातात घेतलं. पेंटर चालायला गेला होता तेव्हा नवी पाटी चढली. निळीच, पांढऱ्या अक्षरांची, पण छापील. बायकोने मशीनवर बसल्या बसल्या सगळी वाचली.

दुसऱ्या दिवशी पेंटर खिडकीत उभा राहिला. "घड्याळे दुरुस्त करून मिळतील. भिंतीवरची, मनगटावरची..."

मशीनवरचा तिचा पाय थांबला. तिने तोंड उघडलं.

"ऐकलंस का, सरकारी दवाखाना? बघ आणि जळ."

तोंड मिटलं. त्याच दुपारी निरोप आला, की पंचवीस तारखेच्या रविवारी सगळा वर्ग पेंटरच्या घरी येणार. चष्म्याशिवाय पाटी वाचतो, ते प्रत्यक्ष बघायला.

येऊ देत, तिने मनाशी म्हटलं. सगळ्यांना येऊ देत. पाठीवर हात फिरवणारीलाही.

मग तिने रोज सकाळी ती जुनी पाटी ऐकली आणि अभ्रे शिवले. तो रस पेल्याबाहेर ओतायचा, ती पुसून घ्यायची. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं, ती म्हणाली, "सावकाश हो." एरवीपेक्षा गोड बोलायची त्या दिवसांत. पेंटरला वाटलं, आली वठणीवर.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिने सगळ्यांना चहा दिला, बिनसाखरेचा. पेंटर घसा खाकरून खिडकीशी गेला आणि खणखणीत आवाजात सुरू झाला. "भिंतीवरची, मनगटावरची..." इथपर्यंत कुणीतरी फिसकन हसलं. "बंद म्हणजे बंद"ला मात्र खोली चिडीचूप झाली.

"काय झालं?" पेंटरने विचारलं. "जोरात म्हणू?"

सरांनी त्याचा हात हातात घेतला. "श्रद्धा कमी पडली," ते हळूच म्हणाले. चहा अर्धवट ठेवून सगळे उतरले.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय, पडदा सुटलाय. दोन-तीन आठवडे आधी आला असतात तर वाचवता आला असता. डाव्यात अंधुक उरलंय, ते टिकवू." मग बायकोकडे बघून म्हणाल्या, "एवढी नजर गेली, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"कालच कळलं," ती म्हणाली.

पेंटरने डाव्या डोळ्यात इंजेक्शन घेतलं. बाहेर बाकावर बसला आणि म्हणाला, "एवढंच होतं? मुंगी चावावी एवढंच?"

दुसऱ्या सकाळी तो सवयीने खिडकीशी आला. "वाच."

"काय वाचू?"

"पाटी. नवी."

तिने वाचली. "येथे मोबाईल व घड्याळे दुरुस्त करून मिळतील. जुने मोबाईल विकत घेतले जातील." आणि थांबली.

"खाली अजून एक ओळ असणार. नव्या दुकानाची पाटी तारखेशिवाय नसते. चाळीस वर्षं रंगवल्यात मी."

मशीनचं चाक तिने हाताने धरून ठेवलं. "दुकानास प्रारंभ, तारीख चार."

पेंटरने चारपासून रविवारपर्यंतचे दिवस बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. एका हाताची पेरं संपली, तो दुसऱ्या हातावर गेला. एकवीस झाल्यावर थांबला.

"उद्या परत वाचायची," तो म्हणाला. "रोज. तारखेसकट."

ती वाचते.