दाव्याविना आणलेली लाँच

बिराप्पाची फुशारकी खोटी असती तर मी ती कधीच खपवून घेतली नसती. मुळात मला फुशारकी मारणारी माणसं नकोशी वाटतात. पण राजेवाडीच्या तळ्याकाठचा हा धनगर खिलार बैलाच्या पाठीवरून नुसता हात फिरवून सांगायचा, की हा मोटेला चालेल, हा गाडीला, आणि हा फक्त बेंदराला मिरवायला. ते तसंच निघायचं. खरसुंडीच्या जत्रेत बैल घ्यायला आलेली माणसं आधी बैल बघत नसत, बिराप्पा कुठं आहे ते बघत. उंच, काळा, खांद्यावर घोंगडं आणि हातात वेळूची काठी. ज्या बैलाच्या पाठीवर त्यानं ती काठी आडवी ठेवली, तो बैल पसंत. त्यावर आणखी कुणी काही बोलायचं नाही, अशी रीतच पडली होती.

माझा मावसभाऊ लालासाहेब लढाई संपल्यावर, शेहेचाळीस साली, पलटणीतून घरी आला. कराडजवळ घरचा ऊस होता, थोरले भाऊ शेती बघत होते. ह्याला मात्र पलटणीबरोबर पाहिलेल्या इराकातल्या बसऱ्याचं वेड लागलेलं. तिथं नदीवर संध्याकाळी माणसं बायकापोरांना घेऊन लाँचमधून फिरायला निघतात, चहा पितात, गाणी म्हणतात, हे त्यानं पाहिलं होतं. "अर्जुना," तो मला म्हणायचा, "राजेवाडीचं एवढं समिंदरासारखं तळं, आन् आपली माणसं काठावर तोंड धुतात आन् घरला जात्यात. लाज वाटती गड्या." त्याला लाँच घ्यायची होती. जत्रेच्या दिवसांत लोकांना तळ्यावर फिरवायचं, एरवी पैलतीराच्या वस्त्यांवर माणसं पोचवायची. तळं ज्या सरकारी खात्याचं, त्याची परवानगीही त्यानं काढून ठेवली होती.

माझी कराडला पिठाची गिरणी होती. इंजिन उघडून पुन्हा जोडणं हा माझ्या हातचा मळ, म्हणून त्यानं मला बरोबर घेतलं. बिराप्पाला कुणीच बोलावलं नव्हतं. आम्ही तळं बघायला गेलो, त्याच्या वस्तीवर ताक प्यायला बसलो आणि लालासाहेबानं सहज विषय काढला, एवढंच.

"घ्याची वस्तू चालती का?" बिराप्पानं विचारलं.

"चालती की."

"प्याला काय लागतं?"

"सुरू व्हताना जरा पेट्रोल, मग रॉकेल."

"वझं वडती?"

"धा-पंधरा माणसं सहज."

"मग जनावरच की ते! मी येतो. तुमी दोघं पोरं, तुमाला कुणीबी गुंडाळंल."

मी हसलो, तशी त्यानं काठी जमिनीवर आपटली. "हसू नगंस मिस्त्री. ज्याच्यावर मी काठी ठेवीन ते फसलं, तर ह्या बिराप्पाचा हात परत कुठल्या जनावराच्या पाठीला लागायचा न्हाई." हे तो त्याच्या बायकोसमोर, रंगुबाईसमोर बोलला. ती ताकाचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिनं कपाळाला हात लावला, कारण नवऱ्याचा शब्द तिला ठाऊक होता. बैल पारखणं हे त्याचं पोट नव्हतं, पोटाला मेंढरं होती. पण ते काढून घेतलं असतं तर त्या माणसात उरलं काय असतं, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

सांगलीला नानासो नावाच्या एका कंत्राटदारानं लष्कराच्या लिलावात तीन लाँच घेतल्या होत्या. आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला कृष्णेत त्या बांधून ठेवलेल्या. पहिली पांढरीशुभ्र, निमुळत्या तोंडाची, पुढं काच. दुसरी लोखंडी, पेटीसारखी चपटी. तिसरी लाकडी, रुंद, रंग उडालेली, वर फाटक्या ताडपत्रीचं छत. लालासाहेब पांढरीपाशी गेला तो तिथंच खिळला. नवऱ्या मुलानं पोरगी बघावी तसा बघत होता.

नानासोनं ती चालवून दाखवली. बाणासारखी सुटली. पाण्याचे दोन पंख मागं उडाले, घाटावरच्या बायका धुणं टाकून बघत राहिल्या. मी इंजिन पाहिलं. नुसतं पेट्रोल पिणारं, आणि पेट्रोल तर त्या काळात कुपनावर मिळायचं. "तळ्याला अर्धी चक्कर मारलीस की हिचं पोट रिकामं," मी लालासाहेबाला म्हणालो. त्याला ते आवडलं नाही.

बिराप्पा मात्र धोतर खोचून सरळ पाण्यात उतरला होता. पांढरीच्या बुडाखाली हात घालून तो किती खोल आहे ते चाचपत होता. वर आला तो मान हलवत. "हिचं पोट लय खाली लोंबतंय. आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला बुडालेल्या बाभळींची खोडकी हायती. उन्हाळ्यात पाणी हटलं की ही बसली म्हणून समजा. शर्यतीचं खोंड हाय हे. घरधन्याच्या कामाचं न्हाई."

लोखंडीच्या तोंडाकडं त्यानं बघितलं आणि थुंकला. "हिला छातीच न्हाई. वारा सुटला की लाट सरळ आत. माणसं भिजत्याली, बाया शिव्या देत्याल्या."

मग तो तिसरीकडं वळला. फळीफळीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत, कान लावून, शेवटपर्यंत गेला. एका जागी थांबला, पुन्हा वाजवलं, मला हाक मारली. तिथं लाकूड मऊ पडलं होतं. "खुराला जरा लागलंय. बरं व्हण्यासारखं हाय." नानासोच्या तोंडावरचं हसू थोडं कमी झालं. ती फळी बदलून द्यायचं त्यानं तिथंच कबूल केलं.

इंजिन मी तपासलं. सावकाश चालणारं, जाड हाडाचं, रॉकेलवरचं. माझ्या गिरणीतल्या इंजिनाचं भावंडच. लाँच मागं घ्यायचा दांडाही नीट लागत होता. माझं मत तिसरीकडंच झुकलं होतं, पण बिराप्पाच्या आधी बोलायची सोय नव्हती. त्यानं घाटावरच्या हमालांना आत बसवलं, सगळ्यांना एका कडेला यायला सांगितलं. लाँच जराशी कलली आणि थांबली. नदीत लांबवर फेरी मारून आणली, बंद करायला लावली, आणि तापलेली असतानाच लगेच पुन्हा सुरू करायला लावली. "दमल्याला बैल खाली बसवायचा, आन् लगीच उठवायचा. तवा त्याची जात कळती," तो म्हणाला. एका हँडलात इंजिन पेटलं. गिरणीवाला म्हणून सांगतो, ही परीक्षा मीही घेणारच होतो. पण श्रेय आता कुणी मला देणार नव्हतं.

बिराप्पानं काठी उचलली आणि लाँचच्या काठावर आडवी ठेवली. पांढरीकडं शेवटचं बघून घेऊन लालासाहेबानं मान खाली घातली, आणि लाँच ठरली.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगायलाही बसलो नसतो. घोळ पुढं झाला. नानासोनं हमालांकडून लाँचचा जाड दोर आणि लोखंडी नांगर आणवला. पाण्याच्या तळाशी गाळात रुतून लाँचला जागच्या जागी धरून ठेवतो, तो चार आकड्यांचा नांगर. बिराप्पा आडवा आला.

"ते ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी."

"अवो, ते लाँचबरूबर येतं," नानासो म्हणाला.

"जनावर विकलं तरी दावं कुणी विकत न्हाई, आन् घेणाऱ्यानं विकणाऱ्याचं दावं आपल्या दारात न्यायचं न्हाई. तुमची लक्षुमी तुमच्यापाशी. आमचं आमी वळू."

आता लालासाहेबानं चार देश पाहिलेले. मी यंत्रावर जगणारा. आमच्यापैकी एकानं तरी म्हणायला हवं होतं, की बाबा, ही लाँच आहे. पण आमच्याही घरी बैल विकताना दावं काढून घेतच होते की! आमची मावशी तर विकलेल्या म्हशीचं दावं देव्हाऱ्याखाली ठेवायची. आम्हा दोघांना ते इतकं बरोबर वाटलं, की आम्ही माना डोलावल्या. "नांगर तिकडं लोहाराकडनं करून घिऊ," लालासाहेब म्हणाला. नानासोनं खांदे उडवले आणि नांगर परत गोदामात गेला.

लष्करी लॉरीवर घालून विटा-आटपाडीवरून लाँच तळ्यावर आली. बिराप्पानं घायपाताचं नवं लांबलचक दावं वळलं, त्याला तांबडे गोंडे लावले आणि लाँच काठच्या चिंचेला बांधली. नांगराचं मात्र राहून गेलं. जत्रा तोंडावर आलेली, लोहार गाड्यांच्या धावा बसवण्यात बुडालेला. आज देतो, उद्या देतो, असं चाललं होतं. तळ्यात कुठं पूर येतोय, असं म्हणून आम्हीही गप्प बसलो.

नवा बैल आधी आपल्याच गाडीला जुंपायचा, मग दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हाही बिराप्पाचाच नियम. म्हणून पहिल्या फेरीला त्यानं रंगुबाईला बसवलं. त्यांची लेक बनाबाई पैलतीरी दिलेली. तिनं वेगळी चूल मांडली होती आणि आई तिच्यासाठी नवं जातं घेऊन निघाली होती. सुकाणूवर लालासाहेब, इंजिनाशी मी, पुढं काठी घेऊन बिराप्पा. काठावर सगळी वस्ती लोटली होती.

मध्यावर येईपर्यंत राजासारखे गेलो. मग उगवतीचा वारा सुटला, लाटा उठल्या, आणि इंजिन खोकलं, गुदमरलं, बंद पडलं. रॉकेलच्या डब्यातला गाळ नळीत अडकला होता, हे मला आवाजावरूनच कळलं. नळी सोडून साफ करायची, एवढंच काम. पण वारा आम्हाला वरच्या अंगाला रेटत होता, आणि तिकडं पाण्यातून बाभळींची काळी टोकं दिसायला लागली होती.

"नांगर टाका!" लालासाहेब ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बिराप्पा वळला. त्याचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. पण तो क्षणभरच. त्यानं दाव्याचं टोक जात्याच्या वरच्या पाळीच्या भोकातून ओवलं, गाठ मारली आणि पाळी पाण्यात लोटली. दावं ताणलं, लाँच थोडी अडखळली, पण फरफटत चाललीच. तेव्हा त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, खालची जड पाळी त्यात आवळून बांधली आणि तीही दाव्याच्या मधोमध अडकवून सोडली. लाँच थबकली. तोंड वाऱ्याकडं करून उभी राहिली. पहिलं खोडकं मागं हाताच्या अंतरावर होतं.

मी नळी फुंकून साफ केली आणि हँडल मारलं. इंजिन अजून गरम होतं. एका हँडलात पेटलं. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. आम्ही जातं वर ओढलं, घोंगडं फाटलं होतं, आणि बनाबाईच्या काठाला लागलो.

लालासाहेब आनंदानं वेडा झाला होता. "आबा, काय जनावर निवडलंसा! दुसरी कुठली आसती तर आज आपण बाभळीत असतो!"

रंगुबाई ओल्या लुगड्यानं जात्याची पाळी पुसत होती. वर न बघताच ती बोलली, "जनावर गुणाचं हाय, मी कुठं न्हाई म्हंते? पर आवं, खुट्ट्याबिगर जनावर कुणी रानात नेतंय व्हय?"

"तर मग ठरलं. ह्यो हात परत बैलाच्या पाठीला लागायचा न्हाई," बिराप्पा म्हणाला. त्यानं काठी लाँचमध्ये आडवी टाकली.

आम्ही खूप समजावलं. लाँच फसली नाही, तुमचा शब्द शाबूत आहे, असं मी स्वतः म्हणालो. तो म्हणाला, "लाँच न्हाई फसली मिस्त्री. पर तिला बिनखुट्ट्याची घरला कुणी आणली? निवडणाऱ्यानं समदं जनावर बघायचं आसतं. मी अर्धंच बघितलं." मला त्याचा संताप आला. एवढा ताठा कशाला? आणि तरी त्या माणसाचा इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी तो लोहाराच्या दारात जाऊन बसला आणि नांगर घेऊनच उठला. आणि लालासाहेबाला म्हणाला, की आता दावं मी धरतो. मेंढरं पुतण्यांकडं देऊन बिराप्पा लाँचवर आला. पुढच्या टोकाला बसून त्या वेळूच्या काठीनं तो पाण्याची खोली मोजायचा. कुठं खोडकं, कुठं गाळ, सगळं त्याला पाठ झालं. लोक फिरायला यायचे, बायका गाणी म्हणायच्या, आणि लालासाहेबाचा बसरा राजेवाडीला अवतरला. बिराप्पाची फुशारकीही परत आली. "ह्या तळ्यात माझ्या लाँचला खोडकं लागलं आसंल तर दाखवा," असं तो आता म्हणायचा. कुणाला दाखवता यायचं नाही.

म्हसवडच्या जत्रेत धुळा नावाचा एक धनगर खिलार खोंड घेऊन थेट तळ्याकाठी लाँचपाशी आला. काय खोंड होतं! दुधासारखं, डोळ्यांत काजळ, जागच्या जागी नाचणारं. "आबा, नुसता हात लावा," तो गयावया करत होता. "तुमी काठी ठिवली तर म्हैसूरपातूर माझं नाव जाईल."

बिराप्पा बघत राहिला. त्याची काठी खोंडाच्या पाठीकडं अर्धी उचलली गेली, हे मी जवळून पाहिलं. मग त्यानं ती पाण्यात बुडवली, तळ चाचपला आणि मागं न बघता लालासाहेबाला हाक दिली, "पाणी लय हाय. घ्या म्होरं."