वर्षातले एकशे ऐंशी दिवस

दुबईत अल क्वोजच्या आमच्या ऑफिसात मी एचआरला बसतो. माणसं नोकरी सोडून जातात, त्यांचे किस्से मात्र माझ्या टेबलावरच राहतात. त्यातले निम्मे जूनमधले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांसाठी कंपनी एज्युकेशन अलाउन्स देते. तीन हजार दिरहम, म्हणजे सत्तर हजार रुपये! कोण पात्र ते नियम ठरवतो, शिव्या मी खातो.

*

पुण्याचे कुलकर्णी इंजिनिअर आहेत, इथेच सहकुटुंब राहतात. अलाउन्सचा फॉर्म भरतानाच त्यांचा प्रश्न तयार, "फीवर टॅक्समध्ये सूट मिळते म्हणे?"

"इथे पगारावर टॅक्सच नाही, सूट कशातून देऊ?"

"मग भारतात?"

"तिथे तुमची कमाईच नाही."

"म्हणजे फी तेवढी भरायची!" कुलकर्णी उठले.

*

नियम असा, की मूल वर्षातले किमान एकशे ऐंशी दिवस आईबापाजवळ राहिलेलं हवं. कुलकर्णींना विचारलं, तर म्हणाले, "रोज घरातच असतो. पण जेवायला बोलवायचं तर मेसेज करावा लागतो."

मुलगा शेजारीच बसला होता. "बट डॅड, आय ऑल्वेज रिप्लाय!"

फॉर्म पास झाला.

*

दुसरा नियम, एक जूनला मुलाला एकवीस पूर्ण झालेली नकोत. ड्रायव्हर जाधवांच्या मुलाला बरोब्बर त्याच दिवशी झाली! "साहेब, पोरगं दिवाळीत जन्मलं हो. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांनाच एक जून लावला."

मॅनेजर इजिप्तचा. त्याला गुरुजी कसे समजावणार? "खलास, हबीबी," म्हणाला. जाधव गाडी काढायला गेले.

*

सावंत मालवणकडचे, साइटवर परांची बांधतात, लेबर कॅम्पात राहतात. मुलगी एकोणीस वर्षांची, फार्मसीला. अलाउन्स नाही मिळाला तर तिचं हे वर्ष बुडणार होतं.

"मागच्या वर्षी किती दिवस जवळ होती?"

"एकही नाही. दोन वर्षांतून एकदा दोन महिने जातो." मग हळूच म्हणाले, "तिच्या जन्मापासूनचे सगळे धरले तर?"

आम्ही दोघांनी मोजले. जेमतेम दीड वर्ष भरलं. मला वर बघवेना.

*

दोन दिवसांनी सावंत परत आले, हातात रजेचा अर्ज. एकशे ऐंशी दिवसांचा!

"मुलीनेच इथे यावं असं नियमात कुठे लिहिलंय? मीच राहतो तिच्याजवळ!"

मी सांगितलं, एवढी रजा म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी नाही तर अलाउन्सही नाही. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिथूनच मुलीला फोन लावला. "चेडवा, सहा म्हयने घराक येव काय गो?"

 पलीकडून ती म्हणाली, "बाबा, पण मी घरी कुठे असते? मी कोल्हापूरला हॉस्टेलवर नाही का!"

सावंतांनी फोन ठेवला. अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"साहेब, हॉस्टेलवर बापाला किती दिवस राहू देतात?"