जीपचा कार्बोरेटर बोटीला

मी डिंगोरे गावचा. सैन्यात हवालदार, इंजिन मेकॅनिक. पुराच्या ड्यूटीवर ईशान्येत नदीकाठी आमचा तळ होता. दोन पेट्रोल लाँच, एक वायरलेस सेट आणि एक सुभेदार. त्याचं नाव घेऊन तोंड विटाळायचं नाही मला.

दोन नंबर बोटीचा ऑपरेटर नाईक दत्ता, आपल्याकडच्या शिनोली गावचा. तिचा कार्बोरेटर फुटला. नवा यायला चार दिवस होते. सुभेदार म्हणाला, मोडीतल्या जीपचा बसव.

मी आधी नाही म्हणालो, कारणही सांगितलं. जीपचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल बाहेर सांडतं. खाली रस्ता असतो, वाऱ्यानं उडून जातं. बोटीच्या कार्बोरेटरची नळी आत वळवलेली असते, जादा पेट्रोल इंजिनातच जातं. कारण बोटीचं पोट म्हणजे बंद डबा. पेट्रोलची वाफ जड, तळाशी बसून राहते. स्टार्टरची एक ठिणगी पुरते.

"भाषण मत दो. फिट करो."

मी फिट केला. दत्ताला बजावलं, दर वेळी स्टार्टरआधी दहा मिनिटं इंजिनचं झाकण उघडं ठेव.

सकाळी सहा चाळीसला तो एकटाच निघाला. एका शाळेच्या छतावर माणसं अडकली होती. वाटेत बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात वेली अडकल्या म्हणून त्यानं इंजिन बंद करून त्या काढल्या. मी वायरलेस सेटपाशीच होतो, सुभेदार बोलत होता.

"बोट टू, देर क्यों? ओव्हर."

"झाकण खुला रखा है, साब. दस मिनट. ओव्हर."

"दस मिनट नहीं. स्टार्ट. आउट."

'आउट' म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. धमाका काठापर्यंत ऐकू आला. छतावरची माणसं एक नंबर बोटीनं आणली. दत्ताचा देह दुपारी आणला.

चौकशीत सुभेदारानं सांगितलं, ऑपरेटर बिडी ओढत होता. तेच त्याच्या गावापर्यंत पोचलं. मला विचारलं, कार्बोरेटर कोणी बसवला? मी म्हणालो, मी. पुढचं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नोकरीला घाबरलो. आजही स्वतःची चीड येते.

रिटायर झाल्यावर शिनोलीला गेलो. दत्ताच्या वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी 'बस' असंसुद्धा म्हटलं नाही.

"माझं पोरगं बिडी वडत नव्हतं, ह्ये मला म्हाईत व्हतं. मला काय सांगतोस? गावात ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांस्नी जाऊन सांग."

एसटीच्या थांब्याजवळ गावची माणसं चहा पीत बसली होती. तिथं उभा राहून सांगायला लागलो. एक जण म्हणाला, "कार्बोरेटर समदे सारकेच की, राव." त्याची कॉलर धरावीशी वाटली. धरली नाही. पुन्हा नळीपासून सुरुवात केली, वायरलेसवरच्या 'आउट'पर्यंत आलो. दत्ताचा म्हातारा बाप येऊन मागं उभा राहिला होता.

शेवटी सावधान झालो आणि म्हणालो, "नाईक दत्ता, मुक्काम शिनोली. हुकूम पाळताना गेला. कार्बोरेटर मी बसवला होता."