गवतावरचा पारा

गावात तिला पारामावशी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि पाठीमागे तर म्हणतच. तिच्या घरामागच्या कुंपणात हवामान खात्याची एक पांढरी पेटी चार पायांवर उभी होती, चारी बाजूंनी झडपा असलेली. त्या पेटीतले थर्मामीटर रोज सकाळी आठला आणि दुपारी चारला वाचायचे, आकडे वहीत उतरवायचे आणि खालच्या शहरातल्या कार्यालयाला फोनवर सांगायचे, हे तिचं काम. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पाय मोडला होता तेव्हा नवरा आणि दीर तिला खुर्चीसकट उचलून कुंपणापर्यंत नेत, आणि शेजारीण गच्चीवरून विचारी, "वरात निघाली का?"

"घरातलं मीठ संपलेलं हिला चार दिवस कळत नाही," नवरा आल्यागेल्याला सांगे, "पण काल पहाटे गार किती होतं ते पॉइंटसकट सांगेल."

"मीठ आणायचं काम तुमचं आहे," ती आतून म्हणे.

पेटीखेरीज तिच्याकडे आणखी एक थर्मामीटर होता. तो उघड्या गवतावर, दोन बुटक्या खुंट्यांवर आडवा ठेवलेला असे. कोंबड्यांनी टोचू नये म्हणून भोवती जाळी. पेटीतला पारा छातीच्या उंचीवरची हवा सांगतो आणि गवतावरचा जमिनीलगतची. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की पहाटे या दोघांत चार-पाच अंशांचं अंतर पडतं, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. कार्यालय मात्र फोनवर पेटीतलाच आकडा विचारी. गवतावरचा आकडा ती वहीच्या शेवटच्या रकान्यात, 'शेरा' असं छापलेलं असे तिथे, लिहून ठेवी. शेरा कोण वाचतं!

तीन वर्षांपूर्वी तिने तो एकदा मोठ्याने वाचून दाखवला होता, आणि तिचं नाक कापलं गेलं होतं.

गावाची घरं डोंगराच्या उतारावर, पण शेतं खाली वाटीसारख्या खोलगट जागेत. रात्री वरची गार हवा पाण्यासारखी घरंगळत येऊन त्या वाटीत साचते. तिथेच बायकांच्या गटाची ढोबळी मिरची होती. पिकून लाल झाली तरच ती विकली जाई. त्या वर्षी, शरदाच्या सुरुवातीलाच, तिने सांगितलं की आज दव गोठणार, मिरची काढून घ्या. बायकांनी दिवस मावळेपर्यंत हिरवीगार मिरची तोडली. आणि रात्री कुठूनसा ढग येऊन वाटीवर बसला. सकाळी अनवाणी फिरावं इतकं ऊबदार! मग महिनाभर घरोघर हिरवी ढोबळी मिरची शिजत होती. उकडून, तळून, परतून, शेवटी नुसती बघून.

गटाची प्रमुख तिची थोरली नणंद. ती तेव्हापासून येता-जाता विचारी, "वहिनी, कपडे वाळत घालू का ग आज? की बर्फ पडणार आहे?"

ती वही घेऊन पेटीकडे वळे. आठला आठ, चारला चार.

यंदा मिरची लाल व्हायला आठ दिवस उरले असताना शहरातून हवामान खात्याचे तरुण साहेब आले. मिरची भरायच्या शेडमध्ये, उलट्या खोक्यांवर, सगळा गट बसला. साहेबांनी कागद वाचला. "पुढचे पंधरा दिवस हवा नेहमीपेक्षा उबदार राहील. पहाटेचं तापमान तीन अंशांच्या खाली जाणार नाही. हिमदवाचा धोका नाही."

बायकांनी सुस्कारा टाकला. पारामावशी दारातच उभी होती, चारचं वाचन नुकतंच करून आलेली, वही काखेत. हवा ठणठणीत कोरडी होती. आभाळ धुतल्यासारखं. वारा पडलेला. गवतावर आज शून्याच्या खाली जाणार, याची तिला पक्की खात्री होती. आणि दुसऱ्यांदा चुकली, तर या गावात तिने पाऊस पडतोय म्हटलं तरी लोक आधी खिडकीबाहेर हात काढून बघतील, याचीही.

"साहेब," ती म्हणाली, "हे तीन अंश कुठले?"

"तुमच्याच पेटीतल्या आकड्यांवरून काढलेत, मावशी."

"माझी पेटी छातीएवढी उंच. मिरची गुडघ्याएवढी."

"झालं! आली थंडी!" नणंद म्हणाली. शेड हसली. "वहिनी, परत हिरवी तोडायला लावणार असशील तर आत्ताच सांग. माझी नातवंडं अजून ढोबळी म्हटलं की पळत सुटतात."

"तोडायची नाही, वन्सं. झाकायची."

"कशाने? पदराने?"

"चादरींनी. मागच्या खेपेला ढग आला म्हणून निभावलं. ढग म्हणजे आभाळाची रजई. आज आभाळ उघडं आहे, तर पांघरूण आपण घालायचं. जमिनीची ऊब आतच राहते. चुकले तर काय होईल? चादरी धुवाव्या लागतील. त्या तशाही धुवायच्या झाल्यात."

"आमच्या चादरींचं हिला कसं ठाऊक?" कोणीतरी शेजारणीच्या कानात कुजबुजलं.

साहेबांनी वही मागून घेतली. शेऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवत ते पानांवर पानं उलटत गेले. "हे कधी कळवलं का नाहीत?"

"विचारलं कोणी?"

साहेबांनी हातातल्या कागदाची घडी घातली. "यावर मला हे लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "पण माझ्या गाडीत मोठी ताडपत्री आहे. ती घ्या."

साहेबांची ताडपत्री निघाली म्हटल्यावर बायकांना घरी बसणं शोभेना. तास-दीड तासात वाटीत चादरींची रांग लागली. कोणाची कशी परिस्थिती ते एका संध्याकाळीत गावासमोर उघडं पडलं. फुलाफुलांची चादर मधोमध ठिगळ लावलेली. एकीच्या चादरीवर कुठल्याशा लॉजचा शिक्का, आणि ती शिक्का खाली दडवायला चारदा बाजू बदलते आहे. पाहुण्यांसाठीची चांगली चादर मात्र एकीनेही आणली नाही. पारामावशी ओळींमधून ओरडत फिरत होती, "काठ्या रोवा! पानांना टेकू देऊ नका! कडा जमिनीला भिडू द्या, वर दगड!"

नणंदेने कड्यांसकट दारांचे पडदे आणले होते. पण स्वतःच्या शेवटच्या दोन ओळी तिने तशाच ठेवल्या.

"वन्सं, या राहिल्या."

"राहू देत. तुझी परीक्षा नको व्हायला?"

पहाटे पारामावशी खिडकीत उभी राहिली. वाचन आठला, म्हणून ती आठपर्यंत कुंपणात गेली नाही. पण वाटीत काय झालंय ते खिडकीतून दिसत होतं. अख्खं शेत पांढरं. बायका आधीच खाली पोचल्या होत्या, आणि एक चादर उचलायला गेली तर ती पत्र्यासारखी ताठ उभीच राहिली. खाली पानं हिरवी, टवटवीत, कोमट. कोणीतरी किंचाळली, "अगं, जिवंत आहे!" जसं काही बाळच जन्मलं. ऊन वाटीत उतरलं तशा नणंदेच्या दोन उघड्या ओळी काळ्या पडल्या आणि उकडलेल्या भाजीसारख्या माना टाकून बसल्या.

नणंदेने वाकून एक काळं पान चुरगळलं आणि कमरेवर हात ठेवले.

"दोनच ठेवल्या ते बरं केलं मी," ती म्हणाली.

आठ वाजता थर्मामीटरांनी धरून ठेवलेले रात्रीचे नीचांक वहीत उतरले. पेटीत तीन पॉइंट सहा. साहेबांचा कागद अक्षरशः खरा ठरला होता. गवतावर उणे एक पॉइंट दोन.

त्या आठ दिवसांत चादरी आणखी तीनदा शेतात गेल्या, मिरची लालभडक झाली आणि टेम्पोत चढली. पण गाव अजून सांगतं ती दुसऱ्याच दिवशीची दुपार. साडेतीनपासून कुंपणाबाहेर बायका उभ्या, प्रत्येकीच्या खांद्यावर चादरीची घडी, आणि सगळ्यांत पुढे नणंद, पडदे घेऊन.

"वहिनी, सांग ना ग लवकर! काठ्या रोवायच्या आहेत."

"चार वाजू देत."

"पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"तेच बघायला थांबलेय."

चार वाजले. तिने पेटी उघडली, कोरडा थर्मामीटर वाचला, ओलं फडकं गुंडाळलेला वाचला, दोन्ही आकडे लिहिले. पश्चिमेकडे पाहिलं, बोट ओलं करून हवेत धरलं. खात्याच्या पुस्तकात ही रीत नव्हती, पण बघणाऱ्या पुष्कळ होत्या. मग वही मिटून ती कुंपणाशी आली.

"वारा सुटलाय. रात्रभर राहील," ती म्हणाली. "आज चादरी घरी न्या आणि आपापल्या पांघरून झोपा."

कोणी एक शब्द विचारला नाही. सगळ्या वळल्या आणि चढ चढून घरी गेल्या.