स्टेपनीवर बसलेले आबा: शिरूर ते दौंड, घरगाडीतून

हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या दारात पत्र्याची खोली चाकांवर उभी नसते, म्हणून म्हणतात. आमच्या दारात ती वर्षभर उभी होती. आमच्या ह्यांनी रांजणगावच्या कंपनीतून वेळेआधी निवृत्ती घेतली आणि शिरूरला उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे बसून ही घरगाडी बनवून घेतली. आत एक खाट, एक फळी, स्टोव्ह, पाण्याचं पिंप आणि खिडकीला मी नाइलाजाने शिवलेला पडदा. पुढे आमची जुनी जीप जोडायची आणि म्हणे कन्याकुमारीपर्यंत जायचं!

मी अट घातली. आधी तीन दिवस शिरूर-दौंड फिरून येऊ. गाडी रस्त्यात एकदा जरी बसली, तर ती यवतच्या ढाबेवाल्याला द्यायची. त्याला तिची रसवंती करायची होती आणि तो दर आठवड्याला फोन करत होता. हे "चालेल" म्हणाले आणि त्या दिवसापासून गाडीखाली जास्तच झोपू लागले.

तुम्हाला अशी गाडी करायची असेल तर एक सांगून ठेवते. आमच्या घरगाडीची चाकं एका भंगारातल्या छोट्या मोटारीची आहेत. जीपचं चाक तिला बसत नाही. म्हणजे तिची स्टेपनी वेगळी, आणि ती नीट नसेल तर दुसरा इलाज नाही. ह्यांनी निघायच्या आदल्या दिवशी तिच्यात पस्तीस पाउंड हवा भरली, गेज मला दाखवलं आणि वर दोन पाउंड जास्त भरले. पडून राहिलेल्या टायरची हवा आपोआप उतरते, म्हणून. स्टेपनी अडकवायचा ब्रॅकेट अजून वेल्डिंग व्हायचा होता, तेव्हा ती आतच, खाटेजवळ ठेवली.

निघताना माझे सासरे जीपमध्ये पुढे येऊन बसले. "म्या बी येतो," एवढंच बोलले. आबांची पंचाहत्तरी उलटलीय. तरणेपणी मेंढरांमागे चालत त्यांनी कोकणापर्यंतचा मुलूख पायाखाली घातला. पुढे कॅनॉलचं पाणी आलं, शेती आली, मेंढरं गेली. तेव्हापासून ते आमच्या ओट्यावर असतात आणि बहुतेक गप्प असतात.

पहिला दिवस न्हावऱ्याच्या रस्त्याचा. रस्ता एकपदरी, दोन्ही बाजूंना ऊस, आणि समोरून येणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत असला की आपणच खाली उतरायचं. चाळीसच्या वर जाऊ नका. न्हावऱ्याला भजी चांगली मिळाली, चहा फार गोड. आबांसाठी आम्ही घडीची खुर्ची आणली होती. ती उघडून दिली तर त्यांनी हात झटकला.

"खुर्चीत बसलं की कुनाची तरी वाट बघतोय आसं वाटतं."

खुर्ची आत ठेवायला जागा करावी म्हणून ह्यांनी स्टेपनी बाहेर काढून लिंबाखाली आडवी ठेवली. आबा शांतपणे जाऊन तिच्यावर बसले. उंचीला बेताची, पाय जमिनीला टेकलेले, काठी मांडीवर. त्यानंतर प्रत्येक मुक्कामाला आधी स्टेपनी उतरायची, मग आबा, मग आम्ही.

पारगावच्या अलीकडे भीमेच्या काठी मुक्काम केला. शेताच्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "ऱ्हावा की, इचारताय काय!" वर दोन कांदे देऊन गेला. मी पिठलं-भाकरी केली. नदीला पाणी भरपूर होतं, वास थोडा होता. आबांनी हातानेच दाखवलं, पूर्वी मेंढरं कुठून उतरायची, वाघूर कुठे लावायची. वाघूर म्हणजे रात्री कळपाभोवती लावायचं जाळं. वर्षभरात बोलले नसतील एवढं त्या एका संध्याकाळी बोलले. मधूनच सारखं बूड हलवत होते. मी घोंगडीची घडी खाली दिली, तर ती घसरली.

"लई टनक हाय गं," म्हणाले.

सकाळी ह्यांनी गेज काढलं. जीपची चार चाकं झाली, जीपची स्टेपनी झाली, घरगाडीची दोन चाकं झाली. मी विचारलं, "आणि तिची स्टेपनी?"

"आबा बसलेत," ह्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. "चहा घेतायत. परवाच घरी बघितलीय की."

खरं तर मिनिटाचं काम. पण आमच्याकडे वडील माणूस बशी ओठाला लावून बसलं असताना त्याला "जरा उठा" म्हणत नाहीत. मीही म्हटलं नाही. नंतर आबा उठले, ह्यांनी स्टेपनी उचलून आत टाकली आणि निघालो.

चौफुल्याला हायवे लागला. रस्त्याची कामं चालू होती, डायव्हर्शनला खडी पसरलेली. चौफुला सोडून वरवंडच्या दिशेने थोडं गेलो आणि गाडी मागून झोल खाऊ लागली. ह्यांनी जीप हळूच कडेला घेतली. घरगाडीचं डावं चाक बसलं होतं.

मी अटीची आठवण करून देणार, तेवढ्यात हे स्वतःच म्हणाले, "पंक्चर म्हणजे गाडी बसणं नव्हे. स्टेपनी लावली आणि चाललो, तर धरायचं नाही."

ते मला पटलं. "आणि नाही चाललो तर?"

"तर यवत."

स्वारी खुशीत होती. माणसाने वर्षभर परीक्षेचा अभ्यास करावा आणि नेमका पाठ असलेला प्रश्न यावा, तसं तोंड झालं होतं. जॅक लावला, नट सोडले, स्टेपनी चढवली, नट आवळले. जॅक खाली घेतला. गाडीचं वजन आलं तशी स्टेपनी पसरत गेली, पसरत गेली, आणि डिस्कपर्यंत बसली.

हे खाली वाकले. व्हॉल्व्हवर टोपी नव्हती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, एकदा आबांकडे पाहिलं. आबा उसाकडे तोंड करून उभे होते. हे उठले आणि पँटला हात पुसले.

"माझंच चुकलं," म्हणाले. "व्हॉल्व्ह गळका निघाला."

पायपंप आमच्याकडे नव्हता. तुम्ही ठेवा. गाडीखाली दगड लावले, जीपचा आकडा सोडला, दोन्ही चाकं जीपमध्ये टाकली. आबा गाडीजवळच थांबतो म्हणाले. आम्ही दोघं वरवंडला गेलो.

पंक्चरवाला बिहारकडचा होता. त्याने आधी स्टेपनीची ट्यूब काढून हवा भरली आणि पाण्याच्या टपात फिरवली. एक बुडबुडा नाही. मग व्हॉल्व्हला थुंकी लावून पाहिली.

"इसमें कुछ नहीं है, साहब. किसी ने हवा छोड़ी है."

"व्हॉल्व्हची पिन बदलो," हे म्हणाले.

"पिन तो अच्छी है."

"अच्छी है तो भी बदलो."

त्याने खांदे उडवले आणि बदलली. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. टणक. टोपी. चहा. मला असा राग आला म्हणून सांगू!

"आबांनी सोडली ना?" मी बाजूला घेऊन विचारलं. "आणि तुम्ही बोललात माझं चुकलं!"

"असंल सोडली. बूड दुखत असंल त्यांचं."

"अहो, ही अटीत धरायची नाही मग. तुमचा काय दोष?"

"हे बघ," हे म्हणाले, "तसं म्हटलं की हवा कुणी सोडली ते आलंच. ह्या वयात हायवेवर उभं करून बापाला विचारू, की का सोडली? गाडी जायची तर जाऊ दे. तू त्यांना काही बोलायचं नाहीस."

मी मूग गिळून गप्प बसले. मला ते जमत नाही, पण बसले.

परत आलो तर आबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. हे चाक चढवायला खाली गेले तशी आबांनी मला खुणेनं बोलावलं. कनवटीची चंची उघडली. तंबाखूत व्हॉल्व्हची काळी टोपी होती.

"सुनबाई, हवा म्या सोडली. बाभळीच्या काट्यानं. जरा मऊ व्हावी म्हनून. उलीशीच सोडणार व्हतो, पर फुस्सदिशी लई ग्येली." त्यांनी टोपी माझ्या हातावर ठेवली. "त्येला वाटतंय यंत्रात खराबी हाय. त्येला सांगू नगंस. एवढ्या हौसेनं केलीया गाडी, आन् म्या बापानंच घालवली. मला तोंड दावायला जागा न्हाई."

घ्या! बाप लेकाला सांगू नको म्हणतोय, लेक बापाला बोलू नको म्हणतोय, आणि मध्ये मी. टोपी मी माझ्या पर्समध्ये टाकली.

दौंडला माझी मावशी रेल्वे कॉलनीत राहते. तिच्या क्वार्टरसमोर घरगाडी लावली. दौंडमध्ये पाहण्यासारखं काय, असं लोक विचारतात. स्टेशनावर जाऊन उभे राहा. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे सुटतं, बाजूच्या रुळाने मागे जातं आणि मागच्या टोकाला लागतं. मग गाडी उलट्या तोंडाने निघते. आम्ही प्लॅटफॉर्मवर उभं राहून हे पाहिलं. आदल्या संध्याकाळचे आबा असते तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी "मागलं म्होरं झालं," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मावशीच्या अंगणात स्टेपनी उतरवली, तर ते तिच्याकडे फिरकले नाहीत. घडीच्या खुर्चीत बसले, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. मला ते बघवेना.

तिसऱ्या दिवशी परतीला चौफुल्यावरून आधी यवतला वळलो. ठरलं होतं तसं. ढाबेवाला हात पुसतच बाहेर आला, गाडीभोवती फिरला, खिडकी ठोकून पाहिली.

"चरक हितं बसंल. ग्लासं ह्या फळीवर. काय दादा, ठरलं का मग?"

हे जीपचा आकडा सोडायला वाकले होते. आबा माझ्या शेजारी उभे होते, आणि त्यांच्या तोंडातून शब्द फुटायच्या बेतात होता, हे मला दिसलं. म्हातारा सगळं कबूल करणार, ह्या परक्या माणसासमोर.

"ठरलंय," मी म्हटलं. "द्यायची नाही."

हे वाकलेले तसेच राहिले. "अगं, अट—"

"अट कुणाची? माझी. मी घातली, मी काढली. चहा सांगा."

ढाबेवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, की ह्या बाईचं काही खरं नाही. चहा मात्र चांगला दिला, आल्याचा. आबांनी सगळा बशीत ओतला आणि अर्धा सांडला.

घरी आल्यावर पहिल्या बाजारच्या दिवशी मी शिरूरच्या भंगारवाल्याकडून त्याच मापाचं आणखी एक चाक आणलं. ह्यांना म्हटलं, "असू दे जास्तीची एक. कन्याकुमारी लांब आहे." त्यांनी का, कशाला, काही विचारलं नाही. पहिली स्टेपनी घेतली, पस्तीस आणि वर दोन पाउंड भरले, मी दिलेली टोपी लावली आणि नव्या ब्रॅकेटला आवळून टाकली. टोपी कुठून आली तेही विचारलं नाही.

मग दुसरी अंगणात आडवी ठेवली. तिला गेज लावलंच नाही. व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून थोडी हवा सोडली, स्वतः बसून पाहिलं, उठून आणखी थोडी सोडली. आबा ओट्यावरून बघत होते.

"आबा, या बरं," ह्यांनी हाक मारली. "बसून बघा."

आबा काठी टेकत उतरले. चाकाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, मी काही बोलले नाही म्हणून. आबा सावकाश बसले, इकडून तिकडून बूड हलवलं.

"आजून उलीशी सोड," म्हणाले.